चारशे ग्रॅममधली जोडी

पुण्यात रविवार पेठेतल्या कापडगंजात एका शनिवारी आम्ही चौघींनी मिळून एक तुकडा घेतला. निळे-पांढरे आडवे पट्टे, सिंगल जर्सी म्हणजे टी-शर्टला असतं तसं विणलेलं पातळ कापड, आणि न फाडलेली ट्यूब, म्हणजे गोल विणलेली नळीच. दुकानदाराने तो काट्यावर टाकला तेव्हा १ किलो ६०० ग्रॅम भरला. होजिअरीचं कापड बऱ्याच ठिकाणी मीटरवर नाही, किलोवर मिळतं, त्यामुळे पहिल्यांदा घ्यायला गेलेली बाई काट्याकडेच बघत राहते. हिशोब तसा सोपा आहे. कापडाचं वजन चौरस मीटरला १८० ग्रॅम. ट्यूब टेबलावर सपाट ठेवली की पन्हा, म्हणजे रुंदी, ७२ सेंटिमीटर, म्हणजे उघडल्यावर १४४. आमच्या तुकड्याची लांबी सहा मीटरच्या थोडी वर भरली आणि प्रत्येकीच्या वाट्याला ४०० ग्रॅम आले, १५४ सेंटिमीटर लांबीचे.

अट एवढीच की महिन्याभरात प्रत्येकीने स्वतःसाठी टॉप आणि स्कर्ट शिवायचा, दोन्ही याच ४०० ग्रॅममधून. वरून दिसेल असं दुसरं कापड लावायचं नाही, आणि कडांना इंटरलॉकची शिलाई बाहेरून मारून आणायची नाही. जिंकेल तिला बाकीच्या तिघींनी भजी करून घालायची.

चौघी म्हणजे आमच्या शिवणक्लासच्या बाई, माझ्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, आमच्यातली सगळ्यांत धाकटी, आणि मी. मी दहा वर्षं कुर्ते-ब्लाऊज शिवते आहे. होजिअरी मात्र तोवर फक्त दुरुस्तीसाठी हातात घेतलेली. वही ठेवायची सवय असल्यामुळे मापं लिहिलेली आहेत, म्हणून हे प्रकरण नीट मांडता येतं आहे.

धुण्याआधी आणि धुतल्यावर

कापड आणल्या आणल्या कापायचं नाही, हे सुती होजिअरीच्या बाबतीत पथ्यासारखं पाळावं लागतं. विणताना आणि गुंडाळताना ते लांबीत ताणलेलं असतं. पाण्यात गेलं की विणीतले टाके मोकळे होऊन आपल्या मूळ आकारावर येतात. मी ते रात्रभर भिजवलं, हलकं पिळलं आणि दोरीवर न टाकता पलंगावर जुन्या चादरीवर पसरून वाळवलं. ओली होजिअरी दोरीवर टाकली की स्वतःच्याच पाण्याच्या वजनाने पुन्हा लांब होते, मग धुतलं काय आणि न धुतलं काय.

वाळल्यावर १५४ चे १४५ झाले, सपाट पन्हा ७२ चा ७०. वजन तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणजे १८० ग्रॅमचं कापड आता १९७ ग्रॅमचं झालं. हातालाही जाड लागत होतं. पट्टेही मोजले: निळा १.२, पांढरा २.४, दोन्ही मिळून ३.६. हा ३.६ आकडा पुढे मला महिनाभर पुरला.

माझी मापं: छाती ९२, कंबर ७८, सीट १००. कापड आडवं ओढलं तर १० चे १४ होत होते, उभं ओढलं तर १० चे १२. म्हणून टॉप अंगापेक्षा ४ ने कमी, म्हणजे ८८ ठेवला. ब्लाऊज शिवणाऱ्या हाताला हे फार जड जातं. आपण आयुष्यभर मापात सैल मिळवत आलो, इथे वजा करायचं. स्कर्ट सरळसाधा, खाली थोडा उघडणारा: वर ८८, सीटला १०२, खाली १२५, कमरेला नेफा आणि त्यात इलॅस्टिक.

कागदावर मांडणी अशी बसली. खालच्या ओळीत स्कर्टचे दोन भाग, प्रत्येकी ६४ रुंद आणि ७४ लांब. वरच्या ओळीत पुढचा भाग ४७, पाठ ४६, आणि उरलेल्या ४७ च्या पट्ट्यात दोन्ही बाह्या एकावर एक. वरच्या ओळीची लांबी ६५. एकूण १३९, हातात १४५. सहा सेंटिमीटर शिल्लक, म्हणून मी त्या संध्याकाळी अगदी निवांत होते.

जिना

ट्यूब उघडायला मी विणीतली एक उभी रांग धरली. सुलट बाजूला नीट बघितलं तर सिंगल जर्सीत बारीक वेण्या दिसतात, त्यांतली एक वेणी धरून कात्री सरळ चालवली. उघडल्यावर दोन्ही कडा एकमेकींवर ठेवल्या, तर एका कडेचा निळा पट्टा दुसऱ्या कडेच्या निळ्या पट्ट्याशी बरोबर जुळत होता. पण कापडाची टोकं मागेपुढे झाली होती. मी म्हटलं, दुकानात तिरकं कापलंय. आणि क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे, उभा धागा सांभाळून, कापड उभ्यात दुमडून पाठ कापली.

उलगडून आरशासमोर अंगाला लावली तेव्हा डाव्या खांद्यावरचा पट्टा उजव्यापेक्षा बोटभर वर होता.

पाच वेळा मोजलं. कापताना मी चुकले नव्हते. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही मुंढे सारखे. तिरका होता तो पट्टा. बाईंना फोन केला. त्या स्पर्धेत होत्या, त्यामुळे जास्त बोलायला तयार नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "अगं, ट्यूब म्हणजे गोल जिना. तू पायरी सपाट समजून कापलीस."

मग उलगडा झाला. ट्यूब गोल मशीनवर विणतात. त्या मशीनला सभोवार धागा पुरवणारे बरेच फीडर असतात आणि ते सगळे एकाच वेळी विणत असतात. फीडर ७२ असले तर मशीनच्या एका फेऱ्यात ७२ ओळी विणून होतात. म्हणजे एखादा धागा धरून तुम्ही ट्यूबभोवती एक चक्कर मारली तर सुरुवातीच्या जागी परत येत नाही, ७२ ओळी वर येता. पट्टेही तिथेच ठरतात: काही फीडरवर निळा धागा, बाकीच्यांवर पांढरा. सगळ्या फीडरची एक फेरी म्हणजे पट्ट्यांचं एक आवर्तन. माझ्या कापडात सेंटिमीटरला २० ओळी मोजल्या होत्या आणि आवर्तन ३.६ चं होतं, म्हणजे ७२ ओळी. बरोबर बसलं. एका चक्करमध्ये निळा पट्टा ३.६ चढतो आणि नेमका पुढच्या निळ्या पट्ट्याच्या जागी पोचतो. कडा जुळल्यासारख्या दिसल्या त्या याच कारणाने: एका मजल्याची पायरी वरच्या मजल्याच्या पायरीला भेटत होती.

१४० सेंटिमीटरला ३.६ म्हणजे दीड अंशाचा चढ. ऐकायला काहीच नाही. पण ४६ रुंदीच्या पाठीवर तो १.२ भरतो, म्हणजे अख्ख्या निळ्या पट्ट्याएवढा. शिवाय पुढचा भागही तसाच कापला असता तर चढ दोन्हींकडे एकाच दिशेने फिरत राहिला असता. एका कुशीची शिलाई जुळली असती आणि दुसऱ्या कुशीत अडीच सेंटिमीटरचा फरक आला असता. साध्या, एकरंगी कापडात हे कुणाला कळत नाही. पट्टा चहाडी करतो.

याच्या शेजारी आणखी एक तिरपेपणा असतो, तो सुताच्या पिळाचा. सुताला राहिलेला पीळ धुतल्यावर मोकळा व्हायला बघतो आणि उभ्या रांगा कलतात. स्वस्तातल्या टी-शर्टची बाजूची शिलाई चार धुण्यांनंतर पोटावर येते, ती बहुधा यामुळे. दोन्ही कल एकाच दिशेला पडले तर वाढतात, उलट पडले तर एकमेकांना खातात. माझ्या तुकड्यात मोजलेला चढ जवळजवळ सगळा जिन्याचाच निघाला, तेवढं नशीब.

निर्णय

आता धरायचं कुणाला, उभ्या रांगेला की पट्ट्याला? क्लासमधलं उत्तर ठरलेलं आहे, उभा धागा. मी पट्टा धरला. कारण असं की बघणाऱ्याला पट्टा दिसतो, विणीतली वेणी दिसत नाही. आणि दीड अंशाने कललेली उभी रांग कापडाच्या पडण्यात फारसा फरक करत नाही. चार-पाच अंश असते तर मी असं म्हटलं नसतं, त्या कापडाचा पट्ट्यांचा टॉप करण्याऐवजी पायजमा केला असता.

पण पट्टा धरून कापायचं म्हणजे दुमडून कापणं बंद. प्रत्येक भागाचा पूर्ण कागद हवा, अर्धा चालत नाही. कापड एका थरात, सुलट बाजू वर, आणि कागदावर आखलेल्या आडव्या रेघा निळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर. दुसरं म्हणजे टोकांना पाचरीसारखा तुकडा वाया जाणार, ३.६ चा. तिसरं म्हणजे पुढचा भाग, पाठ आणि स्कर्टचे दोन्ही भाग ठरलेल्या पट्ट्यावरच सुरू व्हायला हवेत, त्यासाठी कागद वरखाली सरकवायला आणखी एक आवर्तन, पुन्हा ३.६. माझे निवांत सहा सेंटिमीटर संपून वर १.२ ची तूट आली. स्कर्टच्या कागदातून दोन सेंटिमीटर कमी केले. ६८ चा स्कर्ट ६६ चा झाला.

राहिली बिघडलेली पाठ. नवीन कापड आणायची सोय नव्हती. मी जेवायच्या टेबलावर कागदाचे तुकडे तासभर इकडून तिकडे फिरवत बसले, घरातल्यांनी त्या रात्री ताटं हातात घेऊन जेवण केलं. शेवटी सुटलं. बाह्यांसाठी ठेवलेला ४७ चा पट्टा पाठीला पुरतो, कारण पाठ ४६ आहे. आणि बिघडलेल्या पाठीतून बाह्या निघतात: पहिली बाही खालच्या रुंद भागातून, दुसरीचा गोल माथा वर खांद्यांकडच्या अरुंद भागात. बाही ३८ रुंद, पाठ ४६, त्यामुळे तिथेही कागद पट्ट्याला धरून वळवायला जागा होती. पाठीचा उरलेला वरचा तुकडा गळ्याच्या पट्टीला. एकूण पन्ह्यात शिल्लक राहिला १ सेंटिमीटर. टॉप नीट कापता आला यापेक्षा मला या मांडणीचा जास्त आनंद झाला, आणि ती कुणाला दाखवता येत नाही हे दुःखही.

कापताना एक त्रास सतत होता. सिंगल जर्सीची कड गुंडाळते: वरची-खालची कड सुलट बाजूकडे, बाजूच्या कडा उलट बाजूकडे. टाक्याच्या सुलट आणि उलट बाजूचा ताण सारखा नसल्यामुळे होतं ते. कुठल्या बाजूला गुंडाळतंय त्यावरून सुलट-उलट ओळखता येते, हा त्यातला एकच फायदा. मी कडांना पातळ खळ लावून वाळवली. आजी बनियन शिवताना असंच करायची. पुढच्या धुण्यात निघून जाते.

शिवण

माझं मशीन घरगुती, झिगझॅगवालं. पहिली गोष्ट सुई बदलली. नेहमीची टोकदार सुई धागा भोसकते आणि तिथून टाके उसवत जातात. गोल टोकाची सुई धागे बाजूला सारून जाते. ११ नंबरची घेतली. टाका झिगझॅग, पण इतका अरुंद की लांबून सरळच वाटावा: रुंदी १ मिलिमीटरच्या आत, लांबी २.५ मिलिमीटर. चिंधीवर सरळ टाका घालून ओढून बघितला, तो १० चे साडेअकरा होतानाच कट्कन तुटला. झिगझॅग १३ पर्यंत टिकला. दोरा पॉलिस्टरचा.

जुने कारागीर सरळ टाक्याच्या मशीनवर होजिअरी शिवताना कापड थोडं ओढून धरतात, म्हणजे शिलाई पुढे ताण सहन करते. मी ते करून पाहिलं आणि शिलाई झालरीसारखी लाटांची झाली. हात सैल सोडायचा, मशीनचे दाते नेतील तसं जाऊ द्यायचं. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करता येत असेल तर करायचा, कारण खरा खेळ तिथे आहे. खालचा थर दाते ओढतात, वरचा थर पाय मागे ढकलतो. ६६ लांबीच्या शिलाईत वरचा थर शेवटी अर्धा सेंटिमीटर पुढे निघतो. साध्या कापडात तो अर्धा सेंटिमीटर कात्रीने छाटतात. पट्ट्यांत तो अर्धा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा निळा पट्टा.

टाचण्या पुरत नाहीत हे पहिल्याच शिलाईत समजलं. टाचणी लावलेल्या जागी पट्टा जुळतो आणि दोन टाचण्यांच्या मध्ये पळतो. मग हाताने कच्चा टाका घातला. प्रत्येक निळ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना एकेक उलटा टाका, मध्ये लांब धावदोरा. स्कर्टच्या एका बाजूला अठरा-एकोणीस पट्टे येतात. एका बाजूच्या कच्च्या शिलाईला चाळीस मिनिटं लागली, मशीनची शिलाई दोन मिनिटांत झाली. हे प्रमाण बघून धाकटी म्हणाली, "ताई, एवढ्यात मी मेथीची जुडी निवडून भाजी केली असती."

टॉप ब्लाऊजच्या क्रमाने शिवला नाही. आधी खांदे, त्यात आतून सुती टेप, नाहीतर बाहीच्या वजनाने खांदा ओघळतो. मग बाही सपाटच जोडायची आणि नंतर बाहीच्या खालच्या टोकापासून टॉपच्या खालच्या कडेपर्यंत एकच शिलाई मारायची. बाही नंतर गोलात बसवायचा ब्लाऊजचा प्रकार इथे कापड उगाच ताणतो.

कुशीच्या शिलाईत एक पेच आला. पुढच्या भागाला छातीमुळे थोडी जास्त लांबी लागते. टक्स घालायचा नसेल तर होजिअरीत पुढचा भाग कुशीत सेंटिमीटरभर जास्त ठेवतात आणि पाठीवर तो जिरवतात. पण पट्टे असतील तर जिरवायचं म्हणजे पट्टे सरकणार. जिरवणं आणि जुळवणं दोन्ही एकदम होत नाही. मी खालून वर जुळवत गेले, छातीच्या खालपर्यंत पट्टे काटेकोर ठेवले आणि सगळी चूक काखेखालच्या शेवटच्या आठ सेंटिमीटरमध्ये लोटली. हात खाली असताना तिथे कुणी बघत नाही. हात वर करून कुणी बघितलंच तर बघू दे.

गळ्याची पट्टी ही या सगळ्या कामातली माझी आवडती जागा. गळ्याचा घेर ५६, पट्टी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या आसपास, दोन तुकड्यांत, जोड दोन्ही खांद्यांवर. रुंदी नेमकं एक आवर्तन, ३.६. उभ्यात दुमडली की १.८, त्यातले ०.६ मायेत, म्हणजे शिलाईच्या आत, जातात, वर दिसतात १.२. आणि १.२ हीच निळ्या पट्ट्याची रुंदी! पट्टी अशी कापली की बाहेर पूर्ण निळा दिसतो आणि पांढरा आत दुमडतो. दुसरं कापड न लावता निळा गळा मिळाला. अट मोडली नाही, फक्त शिलाई केसभरही हलू द्यायची नव्हती. ती दोनदा उसवली.

खालच्या दुमडींना जुळी सुई वापरली, ४ मिलिमीटर अंतराची. वर दोन सरळ रेघा येतात आणि खाली एकच बॉबिनचा दोरा झिगझॅग फिरतो, म्हणून ती ताण खाते. पहिल्या प्रयत्नात दोन रेघांच्या मध्ये कापड फुगून सुरकुतीसारखं उभं राहिलं. वरचा ताण कमी केला आणि खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवलं, मग बसलं. कागद नंतर फाडून काढावा लागतो आणि त्याचे कण पुढचे आठ दिवस घरात सापडतात.

अंगावर

माझ्या डोक्यात मूळ चित्र असं होतं की टॉपचे पट्टे स्कर्टमध्ये न तुटता चालू राहतील, लांबून एकसंध फ्रॉक वाटेल. म्हणून मी टॉपची खालची कड आणि त्यामागे येणारा स्कर्टचा पट्टा सेंटिमीटर-सेंटिमीटर मोजून बसवला. टेबलावर दोन्ही एकावर एक ठेवले तेव्हा दृष्ट काढावी असं दिसत होतं.

अंगात घातल्यावर तुटलं. आधी वाटलं इलॅस्टिक सैल आहे. ते कमरेपेक्षा दहा टक्के कमी, ७० घेतलं होतं, ते ठीकच होतं. मग टेप घेऊन दहा आवर्तनं मोजली. टेबलावर ती ३६ भरतात. अंगावर, टॉपच्या पुढच्या भागात, ३५. रात्रभर हँगरला टांगून मग घातलेल्या स्कर्टवर ३७ कडे झुकलेली.

टॉप ८८ चा आहे आणि तो ९२ वर चढतो. होजिअरी आडवी ओढली की उभ्यात आखडते, म्हणून पट्टे जवळ येतात. स्कर्ट आडवा ओढला जात नाही, तो सीटपेक्षा दोनने सैलच आहे. पण तो कमरेवरून लोंबतो आणि स्वतःचं वजन स्वतःच वाहतो. किचनच्या काट्यावर स्कर्ट इलॅस्टिकसकट १६५ ग्रॅम भरला. एवढंसं वजन, पण रात्रंदिवस खाली ओढणारं. एकाच ट्यूबमधले, एकाच पाण्यात धुतलेले दोन तुकडे, आणि अंगावर गेल्यावर ती दोन वेगळी कापडं झाली. कागदावर केलेली सगळी जुळवाजुळव मी एका कापडाच्या भरवशावर केली होती.

यावर दोन उपाय होते. स्कर्टचे पट्टे आखूड पडावेत म्हणून तो आडवा घट्ट करायचा, किंवा टॉप सैल करायचा. दोन्ही म्हणजे पट्ट्यांसाठी कपडा बिघडवणं. मी पट्टे अखंड चालू ठेवायचा हट्ट सोडला. त्याऐवजी सगळ्या कडा निळ्यावर संपवल्या: गळा निळा होताच, दोन्ही बाह्यांची टोकं, टॉपची खालची कड आणि स्कर्टची खालची कड, प्रत्येक दुमड निळ्या पट्ट्याच्या खालच्या काठावर. टॉपची दुमड उसवून दीड सेंटिमीटर वर घ्यावी लागली. पण आता टॉप जिथे संपतो तिथे निळी किनार दिसते आणि तिच्याखाली स्कर्टचा पांढरा येवो की निळा, तुटल्यासारखं वाटत नाही, ठरवून केल्यासारखं वाटतं. साडीला काठ असतो तसं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

स्कर्टची दुमड मात्र टांगून ठेवल्यानंतरच मारली होती, ते बरं झालं. रात्रभरात तो एक सेंटिमीटर उतरला होता आणि तीन वेळा घातल्यावर जवळजवळ आणखी एक. मांडणीत मी जे दोन सेंटिमीटर कापले होते ते कापडाने स्वतःहून परत दिले.

एक राहिलंच. पांढऱ्या पट्ट्यातून आतलं दिसतं. आत अंगाच्या रंगाचा परकर लागतो, पांढरा घातला तर उलट जास्त दिसतो.

चार जोड्या

ठरल्या रविवारी वहिनींच्या गच्चीवर जमलो. बाईंनी स्कर्टचे चार भाग उरेब, म्हणजे तिरके, कापून मध्यावर पट्ट्यांचे कोन जुळवले होते. सुरेख दिसत होतं, पण उरेब कापड खातं, त्यामुळे त्यांच्या टॉपला बाह्या उरल्या नव्हत्या. साठी ओलांडलेल्या बाई बिनबाह्यांच्या टॉपमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय बघता, पुण्यात ऊन किती आहे." त्यांचे कोन चारही शिलायांवर जुळलेले होते. कसे, ते अजून सांगितलेलं नाही.

धाकटीने स्कर्टला कापड आडवं फिरवलं होतं, पट्टे उभे, उंच दिसायचं म्हणून. पण सिंगल जर्सी जास्त ताणते ती आडव्या दिशेला, आणि तीच दिशा आता वरखाली आली. स्कर्ट सकाळी गुडघ्याखाली होता, संध्याकाळपर्यंत पोटरीवर आला. पाच सेंटिमीटर मोजले आम्ही. तिला त्याचं काही वाटलं नाही, म्हणाली मॅक्सी झाला.

वहिनींनी ट्यूब फाडलीच नव्हती.

स्कर्ट म्हणजे ट्यूबचाच ७२ सेंटिमीटरचा तुकडा, १४० चा घेर कमरेला इलॅस्टिकने चुणत आणलेला. बाजूला शिलाई नाही, म्हणून जुळवायला काही नाही. जिना आपला गोल फिरत वर जात होता आणि कुठेच तुटत नव्हता. उरलेल्या ट्यूबमधून टॉप, तिथे फक्त एका कुशीत शिलाई, दुसऱ्या कुशीला ट्यूबची घडी. जुळवायची एकच शिलाई, तीही त्यांनी काखेपासून खाली जुळवत आणली आणि फरक तळाच्या दुमडीजवळ जिरवला. एकूण काम दोन संध्याकाळचं. मी कच्च्या टाक्याला जेवढा वेळ घातला त्याहून कमी.

मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं का हे फीडरचं वगैरे?"

"कसलं फीडर?" त्या म्हणाल्या. "मला सरळ कापता येत नाही ना, म्हणून नाही फाडलं."

स्वतःला मत द्यायचं नाही असं ठरलं होतं. तीन मतं वहिनींना पडली, त्यांचं एक बाईंना. माझ्या निळ्या गळ्याला बाईंनी दोन बोटांनी चाचपून पाहिलं, उलटा करून आतली माया बघितली आणि काही न बोलता सोडून दिला. क्लासमध्ये त्या असं फक्त ठीक झालेल्या कामाच्या बाबतीत करतात.

भजी कांद्याची केली, तिघींनी मिळून. माझ्या टॉपवर तेलाचा एक थेंब पडला तो पांढऱ्या पट्ट्यावर. चिंध्या १०० ग्रॅमच्या आसपास उरल्या आहेत, त्यांतल्या सगळ्यांत लांब पट्टीवर चढ अजून मोजता येतो: ४६ सेंटिमीटरला १.२.